पिंजऱ्याला टांगायचा रेकॉर्डर: पोपट बोलेल, पण समजेल का?

जळगाव-भुसावळकडे पक्ष्यांच्या दुकानात मिळणारा हा छोटा रेकॉर्डर भरलेला शब्द पुन्हा पुन्हा वाजवतो. आवाज स्पष्ट, बटणं सोपी. पण ‘पोपट समजून बोलेल’ असं सांगून तो विकणं चूक आहे.

पोपटांच्या बुद्धीचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन शास्त्रज्ञ आयरीन पेपरबर्ग यांचा राखाडी आफ्रिकन पोपट ॲलेक्स सुमारे ५० वस्तू आणि सात रंग ओळखून नावं सांगायचा. त्याला माणसांनी समोरासमोर शिकवलं होतं. नुसती टेप ऐकवलेल्या पोपटांना शब्द वस्तूशी जोडता आले नाहीत.

अर्थ शिकवायचा तर दोघं जण हवेत. एकाने शेंगदाणा दाखवून ‘हे काय?’ विचारायचं, दुसऱ्याने ‘शेंगदाणा’ म्हणून तो घ्यायचा. उत्तर चुकलं की वस्तू लपवायची. मग पाळी पोपटाची. सकाळ-संध्याकाळ दहा-पंधरा मिनिटं पुरेत. बक्षीस तीच वस्तू हवी! आपल्याकडे केळी मुबलक, म्हणून प्रत्येक शब्दाला केळं दिलं जातं आणि पोपटाच्या लेखी सगळ्याच शब्दांचा अर्थ केळं होतो.

रेकॉर्डर घेतलाच तर चोचीपासून लांब ठेवा. जस्ताचा मुलामा असलेली कडी कुरतडली तर विषबाधा होते. खान्देशातल्या मे महिन्यात पत्र्याखाली टांगू नका, बॅटरी फुगते. दिवसभर तर वाजवूच नका, पक्षी त्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

आपला रानातला हिरवा पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. त्याच्यासाठी हे यंत्र घेऊ नका.