संतुलित आहाराचे काही महिने: दूध, खर्च आणि मिथेन

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या गोठ्यात संकरित गाई आणि पंढरपुरी म्हशी आहेत. गेल्या पावसाळ्यापासून त्यांना राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने रुजवलेल्या संतुलित आहार पद्धतीने चारा आणि खुराक देत आहोत. कानातल्या १२ अंकी बिल्ल्यावर जनावराची नोंद होते, पुढच्या पायांमागून छातीचा घेर फितीने मोजून वजन काढले जाते, दूध आणि फॅट लिहिले जाते आणि घरी असलेल्या वैरणीतूनच कमीत कमी खर्चाचा आहार संगणक सुचवतो.

पूर्वी आम्ही सरकी पेंड अंदाजाने घालत होतो आणि कडबा अख्खा टाकत होतो. आता पेंड कमी झाली, मक्याचा भरडा आणि खनिज मिश्रण आले, कडब्याची कुट्टी होऊ लागली. दूध थोडेच वाढले, फॅट किंचित सुधारली. खुराकाचा खर्च मात्र पहिल्या महिन्यातच उतरला.

मिथेनचा प्रश्न याच हिशेबात येतो. कोठीपोटात, म्हणजे जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, राठ चारा आंबताना हायड्रोजन जास्त सुटतो, तिथले सूक्ष्मजीव त्यापासून मिथेन बनवतात आणि जनावर तो ढेकरेवाटे सोडते. खाद्यातील एकूण ऊर्जेचा साधारण २ ते १२ टक्के भाग असा हवेत जातो, म्हणजे शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवणारा हा वायू आमच्याच पैशाच्या चाऱ्यातून तयार होतो. गोठ्यात तो मोजण्याची सोय नाही. म्हणून चारा किती पचतो हे कळावे यासाठी मी शेण चाळणीवर धुऊन पाहतो; पूर्वी त्यात सरकीची टरफले आणि न पचलेले काड भरपूर उरत असे, आता बरेच कमी उरते.

उणिवाही सांगायला हव्यात. उन्हाळ्यात हिरवी वैरण संपली तेव्हा आहार नव्याने काढून द्यायला कोणी फिरकले नाही आणि जुन्याच कागदावर आम्हाला दिवस काढावे लागले. त्या काळात गव्हाच्या भुशावर युरियाची प्रक्रिया उपयोगी पडली: १०० किलो भुशाला ४ किलो युरिया पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडायचा आणि ढीग ३ आठवडे हवाबंद झाकून ठेवायचा. लहान वासरांना हा भुसा मुळीच घालू नये.

संतुलित आहाराने दुधाच्या लिटरमागे मिथेन घटतो, पण जनावरे वाढली तर एकूण घटेलच असे नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गाईबैल आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत, आणि भाकड गाय दूध न देताही ढेकर देतच असते. म्हणून वेळेवर माज (गाय गाभण राहण्यास तयार असल्याची लक्षणे) ओळखणे, रेतन करणे आणि दोन वेतांतले अंतर कमी करणे मला आहाराइतकेच महत्त्वाचे वाटते. सरकारी योजनांनीही याच कामावर पैसा लावावा, कारण दोन जनावरांवर घर चालवणाऱ्याला मिथेन कमी करणारे महागडे परदेशी खाद्यपूरक परवडणार नाही.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी खुराक एकदम न बदलता आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. भरडा अचानक वाढवला तर पोटात आम्लता होऊन जनावर खाणे सोडते.