युपीव्हीसी दारं उघडायचा टूल सेट, आठ महिने रोज वापरल्यानंतर

कुलुपांचं काम मी बरीच वर्षं करतोय, पण ते लाकडी आणि लोखंडी दारांचं. प्लास्टिकची म्हणजे युपीव्हीसीची दारं यायला लागली तेव्हा ती कामं मी घेतच नव्हतो, कारण लाकडी दाराचं लॉक बिघडलं तर ते एका जागी अडकलेलं असतं, इथं दाराच्या कडेनं वरपासून खालपर्यंत एक पट्टी असते, हँडल वर उचललं की त्या पट्टीवरचे हूक, रोलर, काही दारांत डेडबोल्टही (लॉकची जाड कडी), सगळे एकदम चौकटीत जाऊन बसतात आणि हे सगळं फिरवणारा मधला गिअरबॉक्स आतून मोडला की चावी फिरते, सिलिंडर (चावी घालायचा भाग) ठणठणीत असतो, तरी दार जागचं हलत नाही. अशा दारांसाठी म्हणून हा वेगळा सेट घेतला, त्याला आता ८ महिने झालेत. सेट नवीन असताना सगळंच छान वाटतं म्हणून मुद्दाम थांबलो होतो, आता लिहितोय.

पेटीत आलं ते असं: पंप असलेल्या हवेच्या दोन पिशव्या, नायलॉनच्या सहा पाचरी, लांब दांड्याचा ८ मिमीचा चौकोनी स्पिंडल (हँडलमधून लॉकमध्ये जाणारी सळई), बीडिंग (काच धरून ठेवणारी कडेची पट्टी) काढायचं पातं, काचेखालचे पॅकर (प्लास्टिकचे पातळ ठोकळे) सरकवायचं पॅडल, ॲलन कीचा जुडगा आणि फोनला लागणारा बारीक केबल कॅमेरा.

सगळ्यात जास्त बोलायचंय ते हवेच्या पिशवीबद्दल. बऱ्याच जणांना वाटतं की ही पिशवी फटीत घालून फुगवली की दार उघडतं. तसं होत नाही, हूक चौकटीत धड बसलेले असतील तर कितीही हवा भरा, दार उघडणार नाही आणि उघडूही नये. पिशवीचं काम आहे दारावरचा ताण काढायचं. म्हणजे बघा, पल्ला बिजागरीकडून थोडा खाली उतरलेला असतो, खालचा हूक त्याच्या खाचेच्या कडेला घासून अडकलेला असतो, आणि माणूस हँडलवर जोर लावत बसतो. तो सगळा जोर गिअरबॉक्समधल्या जस्ताच्या ओतीव भागांवर येतो आणि ते तुटतात. पिशवी योग्य जागी ठेवून पल्ला दोन-तीन मिमी उचलला किंवा बाजूला सरकवला की तोच हूक मोकळा होतो आणि हँडल बोटानं खाली जातं. माझ्याकडं आलेल्या दारांत निम्म्याहून जास्त दारांचं लॉक मोडलेलंच नव्हतं, ती नुसती आवळली गेली होती.

उन्हाचंही तसंच. पीव्हीसी उष्णतेनं लाकडापेक्षा बरंच जास्त वाढतं, दर मीटरला दर अंशाला ०.०७ मिमीच्या आसपास. २ मीटरचं दार २० अंशांनी तापलं तर हिशोबानं अडीच-तीन मिमी होतात, आत स्टीलची पट्टी असते म्हणून प्रत्यक्षात कमी, पण गडद रंगाचं दार बाहेरून तापलेलं आणि आतून गार असेल तर ते धनुष्यासारखं वाकतं आणि मग वरचा आणि खालचा हूक दोन्ही नीट बसत नाहीत. दुपारी अडकलेलं दार संध्याकाळी आपोआप उघडलं असं कुणी सांगितलं तर त्यात खोटं काही नसतं. अशा वेळी मी सरळ सांगतो की घाई नसेल तर दाराला सावली करा, गार होऊ द्या, मग बघू.

एक काम सविस्तर सांगतो. एक आजी घरात एकट्या, मागचं दार अडकून बंद, पुढच्या दाराची चावी दुसऱ्याकडं, मी मागच्या दाराबाहेर. चावी पूर्ण फिरत होती, हँडल मात्र सैल पडलेलं, खाली गेलं की लोंबकळत राहायचं, स्प्रिंगचा जोर नाही, काही नाही. आतून आजी हँडल दाबतायत, बाहेरून मी, दोघांनाही तेच. मी म्हटलं, आजी, आता हँडलला हात लावू नका, फक्त मागं सरकून बसा, मला थोडा वेळ लागेल. बाहेरच्या हँडलचे स्क्रू आतल्या बाजूला असतात, ते आजींनीच मी सांगत गेलो तसे सोडवले, दोन्ही हँडल निघाली. मग त्या भोकातून कॅमेरा आत घातला. स्क्रीनवर गिअरबॉक्सचं तोंड दिसलं, चौकोनी खाच असते ना ज्यात स्पिंडल बसतो, तिच्या एका कोपऱ्यातून केसाएवढी काळी रेघ खालपर्यंत गेलेली. खाच फाकलेली होती म्हणून स्पिंडल आत नुसता फिरत होता. मग पातळ पत्र्याची पट्टी कापून स्पिंडलच्या दोन बाजूंना लपेटली, घट्ट बसेल इतपत. पण लगेच फिरवलं नाही. आधी पिशवी खालच्या हूकजवळ सरकवली, तीन-चार पंप, पल्ला हलला की नाही ते रबराच्या गॅस्केटवरून कळतं, ते किंचित फुलतं. मग लांब दांडा हळू खाली. आतून एक बारीक टक् आलं, मग सर्रकन सगळे हूक एकदम मागं गेल्याचा आवाज. आजी दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मोडलं नाही ना रे काही? काहीच मोडलं नव्हतं, जे मोडायचं होतं ते आधीच आत मोडलेलं होतं. हे सगळं एक तास चाललं आणि हा सेट नसता तर मी ते दार नक्की करवतीनं कापलं असतं.

आता झीज आणि तक्रारी. दोन पिशव्यांपैकी एक चौथ्या महिन्यात गळायला लागली. चौकटीवरच्या कीपची (हूक जिथं अडकतो त्या खाचेच्या पत्र्याची) धार उघडी होती आणि मी पिशवी तशीच घुसवली, शिवणीजवळ टाचणीएवढं भोक पडलं. चूक माझीच, पण पिशवीला निदान त्या बाजूनं जाड कापड तरी द्यायला हवं होतं. आता मी आधी पातळ प्लास्टिकचा तुकडा सरकवतो आणि मग पिशवी. दुसऱ्या पिशवीचा हवा सोडायचा स्क्रू सैल झालाय, काम चालू असताना हवा हळूहळू जाते आणि पल्ला परत खाली बसतो, तेव्हा फार वैताग येतो कारण एक हात सतत पंपावर ठेवावा लागतो.

लांब दांड्याचा स्पिंडल मला आवडला नाही, स्पष्टच सांगतो. कल्पना चांगली, स्टील मऊ. सहाव्या महिन्यात तो दोरीसारखा पिळला गेला, कोपरे गोल झाले. त्यात एक फायदा मात्र झाला की गिअरबॉक्स तुटायच्या आधी स्पिंडल पिळला, पण विकत घेताना कुणी असा विचार करून घेत नाही. मी कडक स्टीलचा वेगळा घेतला आणि त्यावर जोर किती द्यायचा ते हाताला शिकवलं.

नायलॉनच्या पाचरी उत्तम. कडा थोड्या गोल झाल्यात, बस. पाचरीऐवजी स्क्रूड्रायव्हर किंवा लोखंडी पट्टी कधीच घालू नका, युपीव्हीसी वाकलं की तिथं पांढरा डाग पडतो आणि तो पुसून जात नाही. सुरुवातीच्या दिवसांत एका घराच्या दारावर माझ्या हातून असा डाग पडलाय आणि तिथून जाताना अजून माझी नजर तिथंच जाते. थंडीत तर प्लास्टिक कडक होतं, तेव्हा डाग पडून थांबत नाही, तडा जातो. आणि पाचर असो वा पिशवी, लॉकच्या पॉइंटजवळच लावायची, काचेच्या कोपऱ्याजवळ नाही, दुहेरी काच कोपऱ्यावर ताण आला की तडकते.

कॅमेरा आधी मला चैनीची वस्तू वाटली होती, आता तो नसेल तर मी काम सुरू करत नाही. त्याचा दिवा पुरेसा आहे, चित्र साधारणच, पण आतलं तुटलंय की नुसतं अडकलंय एवढं दिसलं की पुढचं सगळं ठरतं. त्याच्या आधीची तपासणी मात्र हातानंच: चावी फिरत नसेल तर सिलिंडर किंवा डेडबोल्टवरचा ताण, चावी फिरते पण हँडल खाली जात नाही तर गिअरबॉक्स किंवा हूक अडकलेला, हँडल सैल लोंबकळतंय तर आतली खाच किंवा स्प्रिंग गेली.

पॅडल आणि बीडिंगचं पातं दार उघडायला लागत नाहीत, उघडल्यानंतर लागतात, आणि माझ्या मते खरं काम तिथंच आहे. दार उघडलं, नवा गिअरबॉक्स बसवला, पैसे घेतले आणि निघालो, तर सहा महिन्यांत तेच दार परत. कारण पल्ला उतरलेला तसाच असतो. बीडिंग काढून काचेच्या पॅनलच्या कडेचे पॅकर तिरप्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत असे बसवायचे की काचच पल्ल्याला तिरकी पेलून धरेल, खाली बिजागरीच्या बाजूला आणि वर लॉकच्या बाजूला. हे झालं की पल्ला वर येतो, हूक खाचेच्या मधोमध बसतात. मग बिजागऱ्या आणि रोलर ॲलन कीनं जुळवायचे. पॅडलचं रुंद टोक यासाठी एकदम बरोबर आहे, काच उचलली जाते आणि कुठं टोचत नाही. दुरुस्तीची खूण एकच, दार उघडं ठेवून हँडल जितकं हलकं चालतं तितकंच ते बंद दारातही चाललं पाहिजे.

सेटमध्ये नाही पण असायलाच हवं ते व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन. नवा गिअरबॉक्स मागवताना पट्टीच्या तोंडापासून स्पिंडलच्या मध्यापर्यंतचं अंतर (बऱ्याच दारांत ३५ मिमी), स्पिंडलच्या मध्यापासून चावीच्या मध्यापर्यंतचं (बऱ्याचदा ९२) आणि पट्टीची रुंदी, १६ की २०, हे तीन आकडे अचूक लागतात. अंदाजानं मागवलेले दोन गिअरबॉक्स माझ्याकडं तसेच पडून आहेत. आणि सिलिंडरमध्ये तेल ओतायची सवय असेल तर सोडा, तेलात धूळ बसून आत चिखल होतो, तिथं कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे, ग्रीस फक्त पट्टीला आणि हूकला.

अजून एक, दार कुणाचं आहे हे विचारल्याशिवाय पेटी उघडू नका. मी शेजाऱ्याला बोलावून किंवा कागद बघूनच हात लावतो, कुणाला राग आला तरी चालेल.

घ्यायचा का? महिन्याला एखादंच असं दार येत असेल तर दोन चांगल्या पिशव्या, पाचरी आणि कॅमेरा सुटे घ्या, बाकी तुमच्याकडं असेलच. रोजचं काम असेल तर सेट घ्या पण स्पिंडल वेगळा. गळकी पिशवी मी बदलली आणि नवी आली तेव्हा पेटीत टाकायच्या आधी ती फुगवून रात्रभर टेबलावर ठेवली, सकाळी दाबून बघितली, तशीच टणक होती, तेव्हा घेतली कामाला.