अ‍ॅप्ट-ऑफलाइन: पेनड्राइव्हच्या दोन खेपा करायची तयारी हवी

इंटरनेट नसलेल्या डेबियन किंवा उबंटू लिनक्स सर्व्हरवर सिक्युरिटी अपडेट न्यायचे असतील, आणि सर्व्हर पाच-सातच असतील, तर अ‍ॅप्ट-ऑफलाइन हे पायथनमधलं मोफत टूल बिनधास्त घ्यावं.

काम तीन आदेशांत होतं. सर्व्हरवर 'सेट' चालवलं की सिग्नेचर फाइल तयार होते. नावावर जाऊ नका. ती डिजिटल सही नसून साधी मजकुराची फाइल आहे: ओळीओळीला डाउनलोडचा पत्ता, फाइलचं नाव, आकार, चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते पडताळायचा आकडा). कुठल्याही एडिटरमध्ये उघडते, म्हणून सर्व्हरमधून बाहेर नेमकं काय चाललंय ते सुरक्षा बघणाऱ्यांना दाखवता येतं. हा फार मोठा गुण आहे. ही फाइल नेटवाल्या मशीनवर नेऊन 'गेट' द्यायचं. ते मशीन विंडोजचं असलं तरी चालतं, फक्त पायथन हवं. सगळं एका झिपमध्ये बांधून मिळतं. मग सर्व्हरवर 'इन्स्टॉल'. हे 'इन्स्टॉल' याद्या (कुठलं पॅकेज कुठल्या आवृत्तीत मिळतं त्याच्या) आणि पॅकेजं अ‍ॅप्ट (या सिस्टीमचा पॅकेज बसवणारा प्रोग्राम) याच्या साठ्यात नुसती ठेवतं. अपग्रेड त्यानंतर नेहमीच्या अ‍ॅप्ट-गेटनेच करायचं.

गोची होते ती खेप वाचवण्याच्या नादात. अपडेट (नव्या याद्या) आणि अपग्रेड (नवी पॅकेजं) हे दोन्ही पर्याय एकाच 'सेट'ला दिले, तर पॅकेजांचे पत्ते सर्व्हरवरच्या जुन्या यादीवरून निघतात. ती आवृत्ती रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन भांडारातून) गेलेली असेल तर 'गेट'ला 404, म्हणजे 'फाइल सापडली नाही', मिळतो. असलीच तर शिळा पॅच पदरात पडतो. म्हणून पहिल्या खेपेत फक्त याद्या, दुसऱ्या खेपेत पॅकेजं. याला पळवाट नाही.

सर्व्हर बरीच वर्षं जुना असेल तर नव्या याद्यांची सही तपासायची किल्लीच त्याच्याकडे नसते आणि 'इन्स्टॉल' तिथेच अडतं. अशा वेळी सही न तपासण्याचा पर्याय वापरू नका. आधी कीरिंगचं (किल्ल्यांच्या जुडग्याचं) पॅकेज वेगळं आणा, त्याचा चेकसम पडताळा, मग पुढे जा. पेनड्राइव्ह फॅट32 असेल तर 4 जीबीच्या वरची झिप त्यावर मावत नाही, हेही आधीच बघून ठेवा.

सर्व्हर वीस-पंचवीस झाले की मात्र हे टूल पुरत नाही. तिथे अ‍ॅप्टली या टूलने रिपॉझिटरीचा स्थानिक मिरर (नक्कल) करून त्याचे स्नॅपशॉट (त्या घडीच्या गोठवलेल्या प्रती) ठेवावेत. सगळ्या सर्व्हरवर एकच आवृत्ती जाते. नुसती जशीच्या तशी नक्कल ठेवणार असाल तर डेबियनच्या सिक्युरिटी यादीला आठवड्याची मुदत असते हे ध्यानात असू द्या. मुदत उलटली की अ‍ॅप्ट ती यादी नाकारतो, आणि सर्व्हरचं घड्याळ मागे पडलेलं असेल तर ताजी यादीही 'अजून वैध नाही' म्हणून परत पाठवतो.

पहिल्यांदा पॅकेजं आणाल तेव्हाच नीडरीस्टार्ट हे पॅकेजही मागवून घ्या. ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) डिस्कवर बदललं तरी चालू असलेल्या सेवा मेमरीतली जुनी, भोक असलेली लायब्ररीच वापरत राहतात. कुठली सेवा पुन्हा सुरू करायची ते हे पॅकेज नावानिशी सांगतं. कर्नल (सिस्टीमचा गाभा) बदलला असेल तर रीबूटची वेळ आधीच मागून ठेवा.