नाइट गार्ड: ऑनलाइनवालं घ्यावं की दातांच्या डॉक्टरांकडून बनवून घ्यावं?

मी झोपेत दात खाते. मला स्वतःला पत्ता नसतो, पण जात्यात खडा आल्यासारखी करकर होते म्हणे. नवऱ्याचं म्हणणं, दिवसभर पोस्टाच्या काउंटरवर कुणाला काही बोलता येत नाही म्हणून रात्री दातओठ खातेस. सासूबाईंचं निदान एकच, जंत! वावडिंगाचा काढाही पिऊन झाला. काढा गेला पोटात, करकर तशीच. पुढे सकाळी उठलं की जबडा आखडलेला, कानशिलं ठणकतायत आणि खालच्या सुळ्याचं टोक घासून सपाट झालेलं दिसलं, तेव्हा नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं प्लास्टिकचं कवच, घेतलं. दोन्ही प्रकार वापरून झालेत, म्हणून लिहितेय.

पहिलं ऑनलाइन मागवलं, साडेचारशे रुपयांना. पाणी उकळून गॅस बंद करायचा, त्यात गार्ड बुडवायचं, मऊ पडलं की झाऱ्यानं काढून वरच्या दातांवर बसवायचं आणि चावून धरायचं. (चहाचं पातेलं घेऊ नका, रबरी वास राहतो.) बसलं बरं, पण इतकं जाड की ओठ मिटेनात. सकाळी उशीचा अभ्रा ओला. शिवाय मऊ असल्यामुळे मी ते रात्रभर चघळतच बसायचे, त्यामुळे जबड्याचं दुखणं होतं तिथंच. काही महिन्यांत दाढेच्या जागी भोक पडलं. तोंडात काही ठेवून आपल्याला झोप लागते का, एवढं बघायला मात्र ठीक आहे. पाचपैकी दोन.

दुसरं दातांच्या डॉक्टरांकडून, कडक ऍक्रिलिकचं, साडेपाच हजारांना. माप घेताना ट्रेमध्ये थंडगार गुलाबी लगदा भरून तोंडात दाबतात. उमासे येतात, मान किंचित पुढं झुकवून नाकानं श्वास घेत राहायचं, दोनेक मिनिटांत सुटका होते. आठवड्यानं गार्ड लॅबमधून आलं आणि खरं काम तेव्हा सुरू झालं. डॉक्टरांनी निळा कागद दातांमध्ये धरून टकटक चावायला सांगितलं, मग जबडा डावी-उजवीकडे सरकवायला. गार्डवर जिथं गडद ठिपका उमटला तिथं मशीननं हलकेच घासलं. पुन्हा कागद, पुन्हा ठिपके. डाव्या दाढेवर जास्त भार येत होता, तो दोन्हीकडे सारखा होईपर्यंत अर्धा तास हेच. मला विचाराल तर सगळे पैसे या अर्ध्या तासात वसूल होतात. आमच्या भागातल्या दुसऱ्या एका दवाखान्यात माप घेऊन गार्ड थेट हातात ठेवणार होते, बसवून-बिसवून काही नाही, आणि दर जवळपास हाच. तेव्हा आधीच विचारून घ्या: घासून बसवून देणार का, आणि नंतर टोचलं तर परत यायचे वेगळे पैसे का?

आता अपेक्षेचं. गार्डनं दात खाणं थांबत नाही. झीज दातांऐवजी गार्डची होते, इतकंच. माझ्या गार्डवर आता छान चरे पडलेत, ते सुळ्यावर पडले असते. कानशिलांचं ठणकणं मात्र पुष्कळ कमी झालं. सकाळी काढल्यावर थोडा वेळ दात एकमेकांवर नीट बसत नाहीत, मग जागेवर येतात. आणि तोंडात असताना 'स'चा 'श' होतो. रात्री फोन आला तर मी 'शकाळी बोलते' म्हणून ठेवून देते. डॉक्टरांनी घोरण्याबद्दल आणि चालू असलेल्या गोळ्यांबद्दलही विचारलं, कारण झोपेत श्वास अडकण्याशी आणि नैराश्यावरच्या काही गोळ्यांशी या सवयीचा संबंध असू शकतो. माझं तसलं काही नव्हतं. जेवणानंतरचा चहा तेवढा बंद करायला लावला, त्याचं दुःख वेगळंच. पाचपैकी साडेचार.

धुताना गरम पाणी नको, आकार बिघडतो. टूथपेस्टही नको, खरखरीत असते, चरे पडतात. साधं पाणी, थेंबभर लिक्विड सोप आणि मऊ ब्रश पुरे. भोकं असलेल्या डबीत ठेवा, आणि घरात कुत्रा असेल तर ती डबी उंचावर. कुत्र्यांना हे चावायला फार आवडतं. तपासणीला जाताना गार्ड सोबत न्या, झिजून सैल झालंय का ते डॉक्टर पुन्हा निळा कागद लावून बघतात.