पश्चिम नागपुरातलं एक पांढरं कलादालन: कोणत्या चित्रांना मानवतं, कोणत्यांना नाही

हे दालन पहिल्या मजल्यावर आहे आणि आठवड्याच्या हिशेबाने भाड्याने मिळतं. नाव देत नाही, कारण इथले गुणदोष अशा बहुतेक दालनांत सापडतात. खोली साधारण 40 फूट लांब, 22 फूट रुंद आहे आणि छत 10 फुटांवर. भिंती, छत, दरवाज्याची चौकट सगळं पांढरं. तीन बाजूंच्या खिडक्या प्लाय ठोकून बंद केल्यात. पश्चिमेला जिन्याकडची काच तेवढी उघडी आहे.

चार-पाच फुटी अमूर्त कॅनव्हाससाठी ही जागा उत्तम. अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे यांचा जन्म नागपूरचा, 1924चा. रोलर आणि पॅलेट नाइफने थरावर थर चढवून केलेली त्यांच्यासारखी चित्रं उलगडायला वेळ घेतात. शेजारी रंगीत पडदा किंवा दुसरं चित्र अगदी खेटून असेल, तर त्या थरांमधले बारीक फरक डोळ्याला पकडताच येत नाहीत. इथे दोन कॅनव्हासमध्ये तीन फूट कोरी भिंत सोडता येते आणि मागे सरकून पाहायला 15 फूट मिळतात. नागपुरात भाड्याने मिळणाऱ्या जागांमध्ये एवढं अंतर दुर्मीळ आहे. चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर ठेवा. घरात सोफ्याच्या वर चित्र लावायची सवय असल्याने बरेच जण इथेही सहा-आठ इंच वर टांगतात आणि सगळी ओळ छताला चिकटल्यासारखी दिसते.

भिंत पांढरी आणि चित्रं एका ओळीत, ही रीत तशी अलीकडची. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या ‘सलों’ नावाच्या मोठ्या चित्रप्रदर्शनांत चौकटीला चौकट भिडवून छतापर्यंत चित्रं टांगत. पुढे विसाव्या शतकात फिकी भिंत आणि चित्राभोवती मोकळी जागा ही पद्धत रूढ झाली. तिला वळण देणाऱ्यांत न्यूयॉर्कचं म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्ट ठळक आहे. 1976 मध्ये कलासमीक्षक ब्रायन ओ'डोहर्टी यांनी ‘आर्टफोरम’ या अमेरिकी कला-मासिकातल्या लेखांतून अशा पांढऱ्या खोलीची उलटतपासणी केली: बाहेरचा उजेड, आवाज, दिवसाची वेळ सगळं दाराबाहेर ठेवलं, की आत जे टांगाल ते कला म्हणूनच पाहिलं जातं. या दालनात ते लगेच जाणवतं. माणसं आत येताच आवाज खाली आणतात आणि हात पाठीमागे बांधतात.

गोंड चित्रांना मात्र ही खोली मारक ठरते. ही परंपरा सारवलेल्या भिंतींवरच्या ढिगन्यातून, म्हणजे घराच्या भिंतींवर काढायच्या पारंपरिक नक्षीतून आली. कागदावर आणि कॅनव्हासवर ती 1980च्या दशकापासून गोंड चित्रकार जनगढसिंह श्याम यांच्या कामामुळे पोचली. आता पांढऱ्या कागदावरचं असं चित्र, पांढऱ्या माउंटमध्ये (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीत), पांढऱ्या भिंतीवर लावलं की ठिपक्यांची सगळी ऊब विरते. उपाय स्वस्त आहे: 8 बाय 4 फुटांचे प्लायचे दोन-तीन ताव गेरूच्या किंवा मातकट रंगात रंगवून भिंतीला टेकवायचे आणि चित्रं त्यावर लावायची. दालनवाल्यांना आधी विचारा. ताव भिंतीला न ठोकता उभे केले तर सहसा हरकत नसते.

दुसरी अडचण पांढऱ्याच्या छटेची. चुन्यात नीळ टाकून भिंत उजळ करायची आपली जुनी सवय रंगाच्या डब्यातही उतरली आहे. इथला पांढरा निळसर आहे आणि वरच्या पट्टीतले दिवे 6500 केल्व्हिनचे (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर). अशा भिंतीवर हातकागद पिवळा पडल्यासारखा दिसतो, त्वचेचे रंग आजारी वाटतात. किंचित उबदार मॅट पांढरा आणि 3000 ते 4000 केल्व्हिनचे, सीआरआय (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचं माप) 90च्या वरचे दिवे हवेत. रंग बदलणं भाडेकरूच्या हातात नाही, पण छताच्या पट्ट्या बंद ठेवून फक्त ट्रॅकवरचे, म्हणजे छतालगतच्या रुळावर बसवलेले स्पॉट लावणं नक्की आहे.

तोच ट्रॅक या जागेचा सर्वांत मोठा दोष. तो भिंतीपासून जेमतेम दीड फुटावर बसवला आहे. चित्राचा मध्य पाच फुटांवर आणि दिवा 10 फुटांवर असेल, तर 30 अंशांचा कोन मिळायला ट्रॅक भिंतीपासून सुमारे तीन फूट हवा. दीड फुटावरून उजेड भिंतीला घासत खाली येतो. मग चौकटीची सावली चित्राच्या वरच्या भागावर पडते आणि पुट्टीवर फिरलेल्या पत्र्याच्या लाटा एकूणएक दिसतात. पर्याय असा, की समोरच्या भिंतीकडच्या ट्रॅकवरून अरुंद झोताचे दिवे तिरपे मारायचे. त्यात पाहणाऱ्याची सावली मध्ये येते, पण पृष्ठभाग स्वच्छ दिसतो. तैलरंग आणि ॲक्रिलिकला 200 लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) पुरे, जलरंग आणि कागदाला 50च्या वर जाऊ नका.

टांगायला वरच्या रेलमधून स्टीलच्या तारा सोडतात. एका तारेवर चित्र हमखास तिरकं होतं, म्हणून दोन तारा मागून घ्या. तारेवरचं चित्र वरून पुढे झुकतं आणि काच असेल तर तिच्यात गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशीवरची चमक उतरते. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना मागून पाव इंची रबरी गुटके चिकटवले, तर खालची कडाही तेवढीच पुढे येऊन चित्र सरळ बसतं.

एप्रिल-मे टाळाच. एसी आहे, पण तो पुरत नाही म्हणून दारात कूलर लावतात. कूलरची ओली हवा कागदात भरते, काचेमागे कागद लहरतो. त्यात पश्चिमेच्या काचेतून चारनंतर ऊन आत येतं आणि शेवटच्या भिंतीवरची चित्रं धुऊन निघाल्यासारखी दिसतात. त्या भिंतीवर कागदी काम कधीच लावू नका, काचेवर यूव्ही फिल्म असली तरी.

व्हिडिओ किंवा ध्वनीच्या कामाला ही खोली निरुपयोगी आहे. टाळी वाजवून पाहा, आवाज बराच वेळ घुमत राहतो. जाड पडदे लावले तर थोडा फरक पडतो, पण पडदे लावले की खोलीचा पांढरेपणाच जातो. तेव्हा हेडफोन बरे.

बसायला बाक नाही, ही कमी छोटी वाटते. पण उभ्या माणसाला दहा मिनिटांत पाय जाणवू लागतात, आणि ज्या चित्रांना ही जागा शोभते त्यांनाच जास्त वेळ लागतो. मध्यभागी दोन साधे लाकडी बाक स्वतः आणून ठेवा. चित्राशेजारच्या पट्ट्यांवर मराठी मजकूर आधी आणि 18 पॉइंटच्या वर छापा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं वयस्कर प्रेक्षकांना वाचता येत नाहीत आणि संध्याकाळी येणाऱ्यांत तेच जास्त असतात.

जाताना भोकं बुजवून देण्याची अट आहे. पुट्टी भरा, पूर्ण वाळू द्या, 180 नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, आणि वरून रंग छोट्या रोलरनेच लावा. ब्रशने लावलेला ठिगळ स्पॉटखाली वेगळा चमकतो आणि पुढच्या प्रदर्शनात तोच आधी दिसतो. रंग दालनाच्या कोठीतल्या त्याच डब्यातला मागा, दुकानातून नवा आणाल तर छटा जुळणार नाही.