वकिली करावी की आमदारकी लढवावी? खान्देशातल्या नव्या वकिलांसाठी

कोर्टात चार-पाच वर्षं झाली, बार रूममध्ये चार लोक ओळखायला लागले की आपल्याकडची पोरं विचारतात, दादा आता राजकारणात उतरू का? मी एका वकील आमदारांकडे ज्युनिअर होतो, दोन्ही जवळून बघितलंय म्हणून लिहितोय.

आमदार झाल्यावर सनद (वकिलीचा परवाना) बाजूला ठेवावी लागते असं बरेच जण धरून चालतात, तसं नाहीये. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की आमदार-खासदार काही पूर्णवेळ पगारी नोकर नाहीत, त्यांना वकिली करता येते. खरी अडचण तारखेची आहे.

सकाळी सातपासून साहेबांच्या ओट्यावर माणसं, कुणाच्या हातात सातबारा, कुणाचा केळीचा विमा अडकलेला, कुणाच्या शेतातली डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळालेली, अकराला कोर्ट, आणि अधिवेशन असलं तर साहेब मुंबईला, हिवाळ्यात नागपूरला, मग पुढची तारीख मागायचा मुदतीचा अर्ज मी द्यायचो. पारोळ्याकडचे एक बाबा होते, जमीन संपादनात गेलेली, वाढीव मोबदल्याची केस, तिसऱ्या तारखेला पिशवीतून कागद काढत मला म्हणे, "वकीलसाहेब आज बी नई उनात का?" (आजही नाही आले का?) मला काय उत्तर द्यावं सुचेना. अजून आठवतं.

आणि त्याच केसमध्ये समोर सरकार. साहेब सत्ताधारी पक्षात, पक्षकार सरकारविरुद्ध. अशा वेळी फाईल दुसऱ्याकडे द्यावी असं माझं ठाम मत आहे.

पण वकील सभागृहात गेला की फरक पडतो हेही तितकंच खरं. विधेयकाची कलमं वाचून दुरुस्ती सुचवणं, तारांकित प्रश्न (ज्याचं उत्तर मंत्र्याला सभागृहात तोंडी द्यावं लागतं) नेमका लिहिणं, लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) लावणं, हे आपल्याला जमतं. प्रतिभाताई पाटील जळगाव कोर्टात वकिली करायच्या, १९६२ ला २७ व्या वर्षी आमदार झाल्या, पुढे एदलाबादमधून (आताचं मुक्ताईनगर) सलग चारदा निवडून आल्या.

पैशाचं बघा. वकिलीत पहिली काही वर्षं हाल असतात पण अशील टिकला की टिकतो, शिवाय वकिलाला स्वतःची जाहिरात करायला बंदी आहे, नाव कामानेच होतं. निवडणुकीत डिपॉझिट दहा हजार, एससी-एसटीला पाच, खर्चाची मर्यादा ४० लाख, आणि एक षष्ठांशाच्या वर मतं नाही पडली तर डिपॉझिट जप्त. मतदारसंघ राखीव आहे का तेही बघा, नंदुरबार जिल्ह्यातल्या चारही जागा एसटीसाठी आहेत.

मला विचाराल तर आधी दहा वर्षं वकिली, तीही तालुका कोर्टात, तिथेच गावं कळतात. मग लढा. फक्त फॉर्म भरायच्या आधी चालू फाईलींच्या वकीलपत्रावर (पक्षकार वकिलाला उभं राहायचा अधिकार देतो तो कागद) एका भरवशाच्या वकिलाचं नाव घालून घ्या आणि प्रत्येक पक्षकाराला समोर बसवून सांगा की उद्यापासून तारखेला हा उभा राहील.