बारा डिस्का आणि बदललेली हार्डडिस्क

"तुह्या बाबाचं तोंड काऊन असं चौकडीचौकडीचं दिसते?" आईने विचारलं आणि मला उत्तर सुचलं नाही.

२०१८ चा पोळा होता. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती. आईने सकाळीच सांगून ठेवलं होतं, बैल तोरणात गेले की मले पोळ्याची डिस्क लावून दे. डिस्क फिरली. तोरणाखाली जोड्या उभ्या दिसल्या, बाबा झडती, म्हणजे पोळ्यातलं गाणं, म्हणायला पुढे आले आणि त्यांचा चेहराच लागेना. डोळे कुठे, मिशी कुठे, सगळे नुसते हलणारे चौकोन. फेटा तेवढा रंगावरून ओळखू येत होता.

हे मी लिहितो आहे कारण आमच्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी अजून जुने व्हिडिओ जुन्या कॉम्प्युटरवर पडून आहेत, आणि ते कोणाकडून तरी डिस्कवर नाहीतर पेनड्राइव्हवर टाकून घ्यायची वेळ प्रत्येकावर येते. आमचं जे गेलं ते परत येत नाही. तुमचं जाऊ नये.

धाकट्या भावाने २०१० मध्ये हँडीकॅम घेतला होता. चार वर्षं त्याने जे दिसेल ते टिपलं. बहिणीचं लग्न, कापूस वेचणीच्या आधीची सीतादहीची पूजा, मोठी काकू पालथ्या मडक्यावर मांडे टाकताना, आणि दरवर्षीचा पोळा. बाबांच्या झडत्या गावात नावाजलेल्या होत्या. ते म्हणायला लागले की दुसऱ्या गटाचे लोकही गप्प होऊन ऐकायचे. कागदावर त्यांनी कधी काही लिहून ठेवलं नाही. जे होतं ते त्या व्हिडिओतच. सगळं मिळून बारा तासांचं, ५० जीबीच्या आसपास, कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये.

आईला कॉम्प्युटर चालवता येत नाही. डीव्हीडी प्लेअर मात्र येतो. डिस्क घालायची, रिमोटचं बटण दाबायचं. म्हणून २०१८ च्या मे महिन्यात, कापसाचे पैसे हातात होते तेव्हा, मी तालुक्याच्या दुकानात गेलो. दुकानदार गोड बोलणारा. "दादा, टेन्शनच नका घेऊ. एक तासाची एक डीव्हीडी, बारा डिस्का, एकदम ओरिजनल क्वालिटी भेटन." डिस्कमागे दीडशे, म्हणजे अठराशे रुपये. मी पेनड्राइव्ह आणला होता, पण ८ जीबीचा. तो हसून म्हणाला, "यात काय मावते? सीपीयूच आणून ठेवा. आठ दिवसांत देतो, वरतून विंडोज नवीन टाकून देतो, फास्ट होऊन जाईन." त्याचे तीनशे वेगळे.

दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मागे भाच्याला बसवून, त्याच्या मांडीवर सीपीयू ठेवून मी तो नेऊन दिला. हजार रुपये आगाऊ दिले. पावती म्हणून वहीच्या कोपऱ्यावर लिहिलेली चिठ्ठी मिळाली, तीही डिस्का घेताना त्याने परत मागून घेतली.

आठव्या दिवशी बारा डिस्का तयार. प्रत्येकीवर गोल रंगीत स्टिकर, त्यावर नाव आणि क्रमांक. एक त्याने लावून दाखवली, आपल्या कॉम्प्युटरवर, लहानशा चौकटीत. छोट्या चौकटीत ती बरी दिसली. मी उरलेले पैसे दिले आणि आलो. मग पेरणी आली, निंदण आलं, रात्री लाइनचा भरवसा नाही, आणि डिस्का कपाटात राहिल्या त्या पोळ्यापर्यंत.

त्या दिवशी सुरुवातीला मला वाटलं, प्लेअरची लेन्स खराब असेल. भाचा अमरावतीला इंजिनिअरिंगला आहे, तो सणाला आलेला होता. त्याने डिस्क उजेडात धरून कडेने पाहिली आणि म्हणाला, "मामा, ही डीव्हीडीच नाही. ही सीडी आहे."

त्याने दाखवलं ते सांगतो, कारण डोळ्यांनी ओळखता येतं. डीव्हीडी ही दोन पातळ चकत्या चिकटवून बनते, म्हणून तिच्या कडेला मधोमध बारीक रेघ दिसते. सीडी एकसंध असते. डीव्हीडीत ४.७ जीबी मावतं, सीडीत ७०० एमबी. डिस्कच्या तोंडावर हे छापलेलं असतं, म्हणूनच त्यावर स्टिकर मारलं होतं. कॉम्प्युटरवर डिस्क उघडली तर व्हिडिओ डीव्हीडीत व्हिडिओ टीएस नावाचं फोल्डर दिसतं. आमच्या डिस्कमध्ये एमपीईजीएव्ही होतं, म्हणजे व्हीसीडी, साध्या सीडीवर भरलेला व्हिडिओ. व्हीसीडीचं चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचं, डीव्हीडीचं ७२० बाय ५७६ चं. चित्रातले चार ठिपके घेऊन त्यांचा एक केला, तर माणसाचा चेहरा राहील कसा? लांबून घेतलेल्या पोळ्याच्या गर्दीत तर नाहीच राहत.

आणखी एक गोष्ट. डीव्हीडी आतून बाहेर भरत जाते, आणि भरलेला भाग मागच्या बाजूने वेगळ्या छटेचा दिसतो. कोणी खरी डीव्हीडी दिली आणि त्यात तासाभराचं चांगल्या दर्जाचं चित्र आहे म्हणाला, तर ती छटा जवळपास बाहेरच्या कडेपर्यंत पोचलेली हवी. मधल्या भोकाजवळ अर्ध्या बोटाची रिंग दिसली तर समजा, चित्र दाबून बारीक केलं आहे.

बारा डिस्का एकेक करून लावल्या. आठव्या क्रमांकाच्या डिस्कवर २०१२ चा पोळा लिहिलेलं होतं. आत तिसऱ्या डिस्कचीच नक्कल निघाली, बहिणीची हळद.

तरी मी आईला म्हटलं, घाबरू नको, मूळ तर आपल्या कॉम्प्युटरवर आहे, दुसरीकडून करून आणतो.

डी ड्राइव्ह उघडला. रिकामा. भाच्याने पूर्ण डिस्कची साइज पाहिली आणि बराच वेळ काही बोलला नाही. आमचा कॉम्प्युटर ५०० जीबीचा होता. तशी हार्डडिस्क विंडोजमध्ये साधारण ४६५ जीबी दाखवते. स्क्रीनवर होते १४९. म्हणजे १६० जीबीची जुनी हार्डडिस्क. सीपीयू उघडला तर स्क्रू नवे, हार्डडिस्कवर जुनी धूळ.

पुसलेल्या फाइली सॉफ्टवेअरने परत काढता येतात, असं मी ऐकलं होतं. येतात, पण ज्या हार्डडिस्कवर त्या होत्या तिच्यावरूनच. ही आमची नव्हतीच. तरी आशेपोटी भाच्याने रात्रभर स्कॅन लावला. सकाळी फोटो निघाले. कोणाचं तरी बारसं. पाळणा, पाळण्याला लावलेले फुगे, लुगडं नेसलेली म्हातारी बाळाच्या कानाशी वाकलेली. आम्ही कोणी त्यांना ओळखत नव्हतो. आई म्हणाली, "बंद कर बापा. लोकाच्या घरातलं आहे ते."

तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. त्या घरच्या लोकांनाही माहीत नसेल, त्यांचं बाळ आमच्या घरात निघालं. आणि आमच्या बहिणीची हळद, घरातल्या बायामाणसांचे हसणे-बोलणे, ते कोणाच्या कॉम्प्युटरमध्ये गेलं असेल? पैशाच्या फसवणुकीपेक्षा हे मला आजही जास्त सलतं.

दुकानदाराकडे गेलो. "तुमच्यात हीच हार्डडिस्क होती. दुसरी होती हे दाखवा." माझ्याकडे २०१० चं बिल होतं, त्यावर ५०० जीबी लिहिलेलं, पण हार्डडिस्कचा क्रमांक नव्हता. तो क्रमांक हार्डडिस्कच्या लेबलवर छापलेला असतो. देण्याआधी मोबाइलमध्ये एक फोटो काढला असता तर त्याला असं बोलता आलं नसतं. ठाण्यात अर्ज दिला, तिथेही पहिला प्रश्न पावतीचा. ग्राहक म्हणून तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते, हे मला मुदत गेल्यावर कळलं. आता १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. पण पक्कं बिल मागून घ्या. दुकानदाराला वाईट वाटेल म्हणून मी मागितलं नाही.

सीपीयू दुकानात नेऊच नका. पोर्टेबल हार्डडिस्क विकत घ्या, उसनी आणा, पण नक्कल न्या, मूळ घरात ठेवा. ५० जीबी कॉपी व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. पूर्ण डीव्हीडी ८ एक्स वेगाने दहा मिनिटांत लिहून होते, म्हणजे बारा डिस्का लिहायचं काम एका दुपारचं. कोणी आठ दिवस मागत असेल तर का, ते विचारा, आणि समोर बसून करून घ्या. प्रत्येक डिस्क घरच्या प्लेअरवर, सुरुवात, मध्य आणि शेवट, अशी पाहिल्याशिवाय मूळ फाइलीला हात लावू नका. आमच्या सीपीयूत तर डीव्हीडी रायटर होताच, आणि विंडोज ७ च्या होम प्रीमियममध्ये डीव्हीडी बनवायचं साधन आधीपासून असतं. घरी बसून झालं असतं. कोणी सांगणारं नव्हतं.

२०११ चा पोळा तेवढा त्या सीडीवर राहिला आहे. व्हीसीडीत चित्र जातं, आवाज बराचसा टिकतो. भाच्याने ती फाइल तीन ठिकाणी कॉपी करून ठेवली. आई आता टीव्हीकडे पाहत नाही, भिंतीला टेकून ऐकते. झडतीच्या शेवटी बाबा खाकरतात, तेही ऐकू येतं.

२०१८ च्या उन्हाळ्यानंतर आमच्या भागात कोणी जुनी ५०० जीबीची हार्डडिस्क घेतली असेल आणि तिच्यात पोळ्याचे व्हिडिओ सापडले असतील, पांढरी जोडी, डाव्या बैलाचं शिंग अर्धं मोडलेलं, समोर लाल फेट्यातला उंच माणूस, तर कृपा करून ते पुसू नका. आम्ही येऊन घेऊन जाऊ.